अंदाजाचं रिजेक्शन

आदरणीय काकू,

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात, नोकरी करतो. राणी चन्नम्मा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं. कागदावर माझा हुद्दा 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह', म्हणजे कंपनीचे आकडे गोळा करून रिपोर्ट बनवणारा. प्रत्यक्षात पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड), स्क्रॅप, कोक यांचे दर पुढच्या तिमाहीत कुठं जातील, ट्रॅक्टरवाल्यांच्या आणि पंपवाल्यांच्या ऑर्डरी किती येतील, हे मालकांना सांगायचं काम माझ्याकडे. अख्ख्या कारखान्यात अर्थशास्त्र शिकलेला मी एकटाच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी लिहून दिलं की पिग आयर्न दिवाळीपर्यंत चढतच राहील. मालकांनी तीन महिन्यांचा माल भरून ठेवला. मेच्या अखेरीस सगळं उलटलं. मालक रागावले नाहीत. फक्त 'लेक्क तप्पितु' म्हणाले, हिशेब चुकला. पण स्टोअरवाले तेव्हापासून मला 'ज्योतिषी' म्हणतात. रोज सकाळी 'काय गा ज्योतिषी, आज पाऊस हाय काय?' अशी सलामी मिळते.

अमेरिकेत कंपन्यांतल्या अर्थतज्ज्ञांची एक संघटना आहे, तिचं सर्टिफिकेटही मिळतं, असं समजलं. ते घ्यावं का? फी डॉलरमध्ये आहे, कर्ज काढावं लागेल. काका म्हणतात, त्यापेक्षा एमबीए कर. मालकांना विचारलं तर म्हणाले, 'संघटना? म्हणजे युनियन काय रे?' माझं शिक्षण मराठीत झालं, ऑफिसात कन्नड चालतं आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. या तिन्हींत मी कुठंच धड नाही असं वाटतं. काय करू?

– उद्यमबागेतला एकटा

*

प्रिय एकट्या,

काकू म्हणालास, तेव्हा मी तुला 'तू'च म्हणते.

पत्राबरोबर तू तुझे अलीकडचे दोन रिपोर्ट जोडलेस ते बरं केलंस. पत्रापेक्षा मला तेच जास्त बोलले. दोन्हींत मिळून एकही आकडा नाही. 'जागतिक परिस्थिती पाहता दरांत चढउतार संभवतात.' 'मागणी समाधानकारक राहण्याची शक्यता नाकारता येत नाही.' बाळा, अशी वाक्यं कधीच चुकत नाहीत आणि त्यावरून कोणी एक टन मालही विकत घेऊ शकत नाही. स्टोअरवाले तुला ज्योतिषी म्हणतात ते २०२२ मुळे, असं तुला वाटतं. माझ्या मते तू खरा ज्योतिषी झालास तो त्यानंतर.

आधी तो २०२२ चा मे महिना नीट पाहू, कारण चार वर्षं तू त्याच्याकडे पाठ करून बसलायस.

फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि लोखंड, कोळसा, सगळं भडकलं. एप्रिलमध्ये 'दर चढतील' असं म्हणणारा तू एकटा नव्हतास, बाजारातले बहुतेक लोक तेच म्हणत होते. मग ४ मेला रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर अचानक बैठक घेऊन रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, वाढवला. १२ मेला एप्रिलची किरकोळ महागाई जाहीर झाली, ७.७९ टक्के. लगेच १३ तारखेला सरकारनं गव्हाच्या निर्यातीवर बंदी आणली. २१ मेच्या शनिवारी संध्याकाळी पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि त्याच दिवशी पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर आणि पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. लोहखनिजावरचं तर ५० टक्के केलं. बाहेर जाणारा माल देशातच अडकला, दर पडले, तुझ्या मालकांचं गोडाऊन महागड्या मालानं भरलेलं राहिलं. तीनच दिवसांनी साखरेच्या निर्यातीलाही मर्यादा घातली. (पिग आयर्नवरचं शुल्क त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलं, पण तोवर तू 'ज्योतिषी' झाला होतास.)

आता मला सांग, एप्रिलचा अंदाज चुकला यात तुझा काय दोष? काहीच नाही. पण १३ मे ते २१ मे हे आठ दिवस तू काय करत होतास? सरकार महागाईला घाबरलंय आणि निर्यातीचा दरवाजा लावायला निघालंय, हे गव्हाच्या बंदीनं सांगून ठेवलं होतं. तुला ते ऐकू आलं नाही, कारण गहू हा तुझ्या टेबलावरचा विषयच नव्हता. चिक्कोडी-अथणीकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बसणाऱ्याला विचारलं असतंस, तर त्यानं चहा संपायच्या आत सांगितलं असतं, 'अरे, भाव चढला की दिल्ली आधी निर्यात अडवते.' साखरवाले हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलेत. कांदेवाल्यांना तर ते पाठच आहे. तुझ्या फाउंड्रीपासून असा माणूस तासा-दोन तासांच्या अंतरावर होता, आणि तुझी त्याची ओळख नव्हती.

तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर मला या आठ दिवसांतच दिसतं. तुला सर्टिफिकेटची उणीव नाही, ज्यांच्यासमोर बसून आपला अंदाज वाचून दाखवता येईल आणि 'हे कशावरून?' असं जे विचारतील, असे चार लोक तुझ्यापाशी नाहीत. व्यावसायिक संघटना मुळात याच्यासाठी निघतात. बाकी परिषदा, लॅपेल पिना आणि हॉटेलातलं जेवण हे नंतरचं.

ज्या संघटनेबद्दल तू विचारतोस ती नॅशनल असोसिएशन फॉर बिझनेस इकॉनॉमिक्स. १९५९ साली स्थापन झाली. इंग्लंडमध्ये अशी संस्था त्याआधीच, १९५३ ला निघाली होती. युद्धानंतर मोठ्या कंपन्यांनी, बँकांनी, विमा कंपन्यांनी पगारी अर्थतज्ज्ञ ठेवायला सुरुवात केली आणि त्या लोकांची पंचाईत झाली. विद्यापीठातले प्राध्यापक त्यांना धंदेवाले समजत आणि कंपनीतले इंजिनिअर त्यांना पुस्तकी समजत. दोन्हीकडून परके. तुझं दुःख नवीन नाही, बघ. अमेरिकेतल्या संघटनेच्या नावात आधी 'इकॉनॉमिस्ट्स' होतं, पुढं 'इकॉनॉमिक्स' झालं. हुद्दा काहीही असो, रोजच्या कामात जो अर्थशास्त्र वापरतो त्याला तिथं जागा आहे. तुझ्या 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' या पाटीची लाज बाळगायचं कारण नाही.

ते करतात काय, तर गावोगाव शाखा भरवतात, एका उद्योगातले लोक एका टेबलाशी बसवतात, एक तिमाही नियतकालिक काढतात. पण मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते अंदाजांचं सर्वेक्षण. सदस्यांपैकी काही जणांचं एक पॅनेल असतं. राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, बेरोजगारी, व्याजदर, सगळ्यांचे आकडे प्रत्येकाकडून मागवतात आणि त्यांचा मध्यक जाहीर करतात. मध्यक आपण दहावीत शिकलो, आकडे चढत्या क्रमानं मांडले की मधोमध येणारा. पॅनेलवर असणाऱ्याला कळतं की आपण मधोमध आहोत की टोकाला. टोकाला असणं वाईट नसतं, मात्र आपण टोकाला आहोत हे ठाऊक असावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये तू मधोमध होतास की टोकाला, हे तुला आजही सांगता येणार नाही.

आणि हे असलं सर्वेक्षण बघायला अमेरिकेला जायला नको. आपली रिझर्व्ह बँक सप्टेंबर २००७ पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं सर्वेक्षण करते आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. कारखान्यांकडच्या ऑर्डरी, साठे आणि क्षमतेचा वापर यांचंही एक सर्वेक्षण ती तिमाहीला काढते. ते तर तुझ्यासाठीच आहे म्हण ना. वाचतोस का? तुझ्या रिपोर्टांवरून वाटलं नाही.

सर्टिफिकेटबद्दल. त्या संघटनेचं 'सर्टिफाइड बिझनेस इकॉनॉमिस्ट' (सीबीई) नावाचं प्रमाणपत्र आहे. उपयोजित अर्थमिती (संख्याशास्त्रानं आर्थिक आकडे तपासणं), आकडेवारीचं मोजमाप, आणि निष्कर्ष बिनअर्थशास्त्री माणसाला कळेल असा सांगण्याची कला, अशा गोष्टी त्यात येतात. अभ्यासक्रम चांगला आहे, वाईट बोलायला जागा नाही. पण तो तिथल्या नोकरीच्या बाजारासाठी बेतलेला आहे, आणि आकडेवारीचा बराचसा भाग तिथल्या सरकारी खात्यांच्या आकड्यांवर उभा आहे. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत कोणी ती तीन इंग्रजी अक्षरं बघून तुझा पगार वाढवणार नाही. पुढं बेंगळुरूला किंवा मुंबईला एखाद्या परदेशी कंपनीच्या संशोधन विभागात जायचं ठरवलंस, तर तेव्हा विचार कर. आज कर्ज काढून? नको. हे मी ठामपणे सांगते.

एमबीएबद्दल तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग. सगळेच काका तेच सांगतात.

मालकांच्या प्रश्नावर मी हसले, पण त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. आपल्याकडे संघटना म्हटलं की गेटसमोरची घोषणाबाजी डोळ्यांपुढं येते, आणि मी तर निपाणीची. १९८१ साली शरद जोशींच्या मागे तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते, गोळीबारात माणसं गेली. भाव कोण ठरवतं हा प्रश्न आमच्या गावात रक्त सांडून विचारला गेलाय. म्हणून मालकांना असं सांग: युनियन मालकाकडे मागते, व्यावसायिक संस्था आपल्याच सभासदाकडे मागते. नीट मोज, चूक लपवू नको, खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं सांग, एवढंच. फाउंड्रीवाल्यांना हे समजावणं तर फार सोपं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या बैठकीला ते स्वतः जात असतील. तिथं काय बोलतात? ओतलेल्या भागात ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) का आले, श्रिंकेज (आकसणं) कुठं झालं, वाळूतली ओल किती होती. स्वतःचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, दुसऱ्या फाउंड्रीवाल्यापुढं उघड करतात, कारण तसं केल्याशिवाय ते कमी होत नाही. कास्टिंगला तडा गेला तर तुम्ही तो फोडून आत बघता. मग अंदाजाला तडा गेला तर तो फाइलीत का पुरायचा?

माझ्या वडिलांची निपाणीत तंबाखूची लहानशी वखार होती. तिथले दिवाणजी जेमतेम सातवी शिकलेले. त्यांच्याकडे एक लाल कापडी बांधणीची वही असायची. दसऱ्याला त्या वहीत ते लिहीत, संक्रांतीला जर्दा काय भावानं जाईल. एक आकडा नाही, दोन लिहीत, 'याच्या खाली नाही, याच्या वर नाही.' शेजारच्या वखारींचे तिघेचौघे दिवाणजीही असंच करत. संक्रांत झाली की एका रविवारी सगळे आपापल्या वह्या घेऊन बसत. ज्याचा अंदाज सर्वांत लांब गेला त्यानं भजी द्यायची. मला भज्यांपुरता त्या बैठकीला प्रवेश होता. तिथं मी ऐकलेलं एक वाक्य अजून आठवतं, 'मी चुकलो ते पावसामुळं नाही, मी पावसाचं विचारलंच नव्हतं.' पुढं मुंबईत मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण चुकीची कबुली इतक्या नेमक्या शब्दांत क्वचितच ऐकली.

मी स्वतः मात्र ते शिकले नव्हते. २००८ मध्ये मी एका कंपनीच्या आर्थिक विभागात होते. जुलैमध्ये कच्च्या तेलानं पिंपाला १४७ डॉलर गाठले. तेल दोनशेवर जाणार असं बोललं जात होतं आणि मीही लिहून दिलं, जाणार. डिसेंबरात तेल चाळीसच्या खाली आलं होतं. मी काय केलं असेल? तोच तुझा उद्योग. पुढचे सहा महिने 'शक्यता नाकारता येत नाही' असं लिहीत राहिले. वरिष्ठांनीही काही विचारलं नाही, त्यांचाही हात त्यात होता. आमची सुटका केली ती वेगवेगळ्या कंपन्यांतल्या पाच-सहा जणांच्या दुपारच्या जेवणानं. कोणी जहाज कंपनीतला, कोणी खतांच्या, कोणी बँकेतला. पहिल्याच जेवणाला जहाजवाला म्हणाला, 'जूनपासून आमच्या भाड्याचे दर पडत होते, तुम्ही लोकांनी एक फोन करायचा.' फोन करायला ओळख लागते, आणि ती आमची नव्हती.

त्याच २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अॅलन ग्रीनस्पॅन अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बसले होते. अठरा वर्षांहून जास्त काळ तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष राहिलेला माणूस. जग कसं चालतं याबद्दलच्या आपल्या समजुतीत खोट निघाली, असं त्यांनी तिथं कबूल केलं. हा माणूस मुळात प्राध्यापकी करणारा नव्हता. मध्यवर्ती बँकेत जाण्याआधी न्यूयॉर्कमध्ये सल्लागार कंपनी चालवायचा आणि कारखानदारांना अंदाज विकायचा. तू विचारतोस त्या संघटनेचा अध्यक्षही होऊन गेलेला. म्हणजे तुझाच व्यवसायबंधू, फक्त गिऱ्हाईकं मोठी. त्यांच्या कबुलीनं कोणाचे बुडालेले पैसे परत आले नाहीत, आणि ती फार उशिरा आली असं मलाही वाटतं. पण आली.

आपल्याकडे तर हे कायद्यातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के वर-खाली चालतं. सलग तीन तिमाह्या महागाई या पट्ट्याबाहेर राहिली, तर का राहिली आणि आता काय करणार, हे बँकेला सरकारला लेखी कळवावं लागतं. २०२२ मध्ये, तुझ्याच त्या वर्षी, ही वेळ पहिल्यांदा आली आणि नोव्हेंबरात त्यासाठी समितीची खास बैठक भरली. देशाच्या मध्यवर्ती बँकेला 'लेक्क तप्पितु' असं कागदावर लिहून द्यावं लागतं, आणि तू स्टोअरवाल्यांच्या चिडवण्यानं आकडे लिहायचे थांबवतोस?

आता कामाचं.

उद्यापासून एक वही घाल. कॉम्प्युटरवरची चालेल, पण मागचं खोडता येणार नाही अशी हवी. कागदाची बरी. प्रत्येक अंदाजापुढं तारीख, कशाचा, कोणत्या महिन्यासाठी, आणि दिवाणजींसारखे दोन आकडे, खालचा नि वरचा. त्यापुढं एका ओळीत कारण. आणि त्यापुढचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: काय घडलं तर मी हा अंदाज बदलेन. एप्रिल २०२२ च्या रकान्यात तू 'निर्यातीवर बंधनं' एवढे दोन शब्द लिहिले असतेस, तर १३ मेला तुझी झोप उडाली असती. तुमचं बरंचसं पिग आयर्न गोव्याकडून आणि बळ्ळारी-होसपेटकडून येत असेल. मग त्या रकान्यात न्यायालयही यायला हवं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतल्या खाणी थांबवल्या, २०१२ मध्ये गोव्यातल्या, २०१८ मध्ये पुन्हा गोव्यातल्या. लोखंडाचा अंदाज बांधणारानं कोर्टाच्या तारखा पाहायच्या असतात, हे एम.ए.च्या पुस्तकात नव्हतं ना?

महिना संपला की खरा आकडा लिही. शेजारी आणखी एक रकाना ठेव, आळशाचा. आळशाचा अंदाज नेहमी एकच असतो, 'पुढच्या महिन्यातही आजचाच दर.' वर्षाअखेर तुझी सरासरी चूक आणि आळशाची सरासरी चूक शेजारी मांड. आळशी जिंकला तर लाजू नकोस. पुष्कळ नामवंतांना तो हरवतो. पण मग मालकांना सांग की तिमाहीच्या दराचा अंदाज माझ्याच्यानं होत नाही, ऑर्डरींचा होतो. ट्रॅक्टरच्या विक्रीचे आकडे दरमहा येतात. ती विक्री आणि तुमच्या कास्टिंगची उचल यांत किती आठवड्यांचं अंतर पडतं, हे तुमच्याच जुन्या चलनांवरून काढ. हे बेंगळुरूतला कोणीही सल्लागार तुला देऊ शकणार नाही, कारण ती चलनं तुझ्या कपाटात आहेत.

वही तीन महिने चालली की माणसं शोध. पाच पुरेत. एक साखर कारखान्यातला, एक बँकेच्या कर्जविभागातला, एक एपीएमसीतला अडत्या, एक वाहतूकवाला, आणि वडगाव-शहापूरचा साडीच्या धंद्यातला कोणी. सूताचा दर त्याच्याइतका कोणाला कळत नाही, आणि लग्नसराई कशी जाणार हे त्याला दोन महिने आधी कळतं. पदव्या विचारू नकोस. कॉलेजातले अर्थशास्त्राचे एखादे सर मिळाले तर उत्तम, पण त्यांना भाषण करू देऊ नकोस, त्यांनाही आकडा लिहायला लाव. प्राध्यापकांसाठी व्यासपीठं आहेत. इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन १९१७ पासून आहे. मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषद आहे, तिचं 'अर्थसंवाद' निघतं. परिषदेच्या अधिवेशनाला एकदा अवश्य जाऊन ये. आपल्या भाषेत हा विषय किती सहज बोलता येतो हे ऐकशील, आणि तुझ्या फाउंड्रीवर तिथं एखादा निबंध वाचलास तर मला आनंद होईल. पण महिन्याचा दर तिथं कोणी विचारणार नाही. त्यासाठी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळची चहाची टपरी बरी.

दोन पथ्यं मात्र कडक पाळ. तुमच्या कंपनीचा खरेदीदर, गिऱ्हाईकाचं नाव, कोटेशन, यातलं काहीही त्या टेबलावर आणू नकोस. जे आकडे बाहेर छापून आलेत त्यांवरच बोला. आणि मालकांना आधी सांगून जा, चोरून नको. दुसरं, दोन फाउंड्रीवाले एकत्र आले आणि 'आपण अमुक दराखाली कोटच करायचं नाही' असं बोलणं निघालं, तर तिथून ऊठ. दर कुठं जाईल याचा अंदाज बांधणं वेगळं आणि दर कुठं न्यायचा हे मिळून ठरवणं वेगळं. दुसऱ्याला २००२ च्या स्पर्धा कायद्यात कार्टेल म्हणतात आणि दंड जबर असतो. म्हणूनच मी एका धंद्यातला एकच माणूस घ्यायला सांगते.

भाषेचं काय? अरे, ज्याला तू तिन्हींत धड नाही म्हणतोस, त्याला मी भांडवल म्हणते. अथणीकडचा ऊसवाला तुझ्याशी कन्नडमध्ये मोकळं बोलेल, वडगावचा विणकर ज्या भाषेत बोलेल तीत बोलेल, गोव्याचा पिग आयर्नवाला कोकणी-मराठीत भाव सांगेल, आणि रिझर्व्ह बँकेचं सर्वेक्षण तू इंग्रजीत वाचशील. हे चारही कान मुंबईतल्या माझ्या एकाही सहकाऱ्याला नव्हते. बैठकीत ज्याला जे येतं त्यात बोलू द्या, वही आकड्यांची आहे. सीमाप्रश्न मात्र त्या टेबलावर घेऊ नका. महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे, पण त्यावर बोलायला बेळगावात बाकीचे सगळे कट्टे आहेत, आणि तो एकदा निघाला की पिग आयर्न राहून जातं.

इंग्रजी रिपोर्टाची भीती वाटते म्हणतोस. अर्धं पान लिही. पहिल्या ओळीत दोन आकडे आणि महिना. दुसरीत कारण. तिसरीत मागच्या वेळी किती चुकलो. एवढ्याला एम.ए. इतकंसुद्धा इंग्रजी लागत नाही. ती तिसरी ओळ पहिल्यांदा लिहिताना हात थरथरेल. मालक ती वाचून काहीतरी बोलतीलही. पण जो माणूस २०२२ मध्ये महागडं गोडाऊन गळ्यात पडूनही रागावला नाही, तो त्या ओळीनं रागावेल असं मला वाटत नाही. बहुधा तो चार वर्षं तिचीच वाट पाहतोय. हा माझा अंदाज, आणि तो चुकला तर कळव.

स्टोअरवाल्यांना एकदा वहीत आकडा लिहायला लाव. 'काय गा, तूच सांग, पुढच्या महिन्यात स्क्रॅप किती?' म्हणून. लिहून सही करायला सांग. चिडवणं कमी होईल, आणि खरं सांगू, स्क्रॅपचा ट्रक रोज तेच उतरवून घेतात, त्यांचा आकडा तुझ्यापेक्षा बरा निघण्याची मला दाट शंका आहे.

पहिली बैठक भरली की माझ्या नावाचाही एक रकाना ठेव. माझा आकडा आत्ताच लिहून घे: पुढच्या पतधोरण बैठकीत रेपो दर आहे तिथंच राहील, हलणार नाही. कारण आणि 'कधी बदलेन' हे दोन रकाने वेगळ्या पत्रात पाठवते. चुकले तर भज्यांचे पैसे मनीऑर्डरनं येतील. कांदाभजीच सांगा, बटाट्याची नको.

– तुझी काकू